पंप ओरडतो तेव्हा
सदर : यत्नपूर्वक

चैत्र सरत आला, की शहरांतील मोठ्या गृहसंकुलांमध्ये पोहण्याच्या तलावाभोवती लगबग सुरू होते. मुलांच्या परीक्षा संपलेल्या असतात, ऊन वाढलेले असते आणि हिवाळाभर अर्धवट चाललेला तलावाचा पंप पुन्हा रोज सहा-सात तास चालू लागतो. याच सुमारास व्यवस्थापन समितीच्या वहीत एक तक्रार हमखास नोंदवली जाते : पंपाचा आवाज सहन होत नाही. तळमजल्यावरील आजारी माणसाला दुपारची झोप लागत नाही. क्लब हाउसच्या खोलीत पहाटे सामायिकाला बसणाऱ्या भगिनींना ४८ मिनिटांची शांतता मिळत नाही.

मग बैठक होते आणि तीत बहुधा दोन सूचना पुढे येतात. एक म्हणते, पंप जुना झाला, काढून टाका आणि अधिक शक्तीचा नवा बसवा. दुसरी, विशेषतः आपल्या समाजबांधवांकडून येणारी, म्हणते की आपल्याला या तलावाशी कर्तव्यच काय, पंप बंद करून टाका. पहिली सूचना खर्चाची आहे, दुसरी सोपी वाटते. परंतु दोन्हींत एक गोष्ट समान आहे. दोन्ही सूचना तो आवाज नीट न ऐकताच केलेल्या असतात.

पंप बंद ठेवणे ही अहिंसा नव्हे

दुसऱ्या सूचनेचा विचार आधी करू, कारण तिच्यामागे श्रद्धा आहे. पाणी गाळून वापरणे, गाळण्यातील जिवाणी पुन्हा मूळ जलाशयात सोडणे, अप्कायाच्या जीवांची शक्य तितकी कमी विराधना होईल असे वागणे, हे संस्कार आपल्याकडे लहानपणापासून होतात. तलावात उतरायचेच नाही, असा नियम ज्यांनी घेतला असेल त्यांच्या नियमाचा आदरच केला पाहिजे. मात्र लाखभर लिटर पाण्याने भरलेला तलाव समोर असताना केवळ पंप बंद केल्याने हिंसा टळत नाही, उलट ती वाढते. पाणी थांबले की ते हिरवे पडू लागते. उष्ण हवेत साचलेल्या पाण्यात डासाच्या अंड्याचा आठ-दहा दिवसांत पूर्ण डास होतो. त्यानंतर कोणीतरी औषधफवारणीची मागणी करतो आणि ती मान्य करावीच लागते. टाळायचाच असेल तर तलाव रीतसर रिकामा करून कोरडा ठेवावा, नाही तर तो चालता ठेवून त्याची काळजी घ्यावी. पाणी भरून ठेवणे आणि फिरवायचे नाही, हा मध्यममार्ग नसून निव्वळ प्रमाद आहे.

यत्नाचार या शब्दाचा अर्थ कृती सोडणे एवढाच नाही. जी कृती करावी लागते ती पाहून, जाणून, काळजीने करणे म्हणजे यत्न. यंत्राच्या बाबतीत या यत्नाची पहिली पायरी ऐकण्याची आहे.

पंप पाणी ओढत नाही

आवाज समजण्यासाठी एक लहानशी गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. आपण सर्रास म्हणतो की पंप पाणी ओढतो. वस्तुतः पाण्याला धरून ओढता येत नाही. पंपाच्या आतील इंपेलर, म्हणजे वक्र पाती असलेली चकती, मिनिटाला सुमारे २८५० ते २९०० फेऱ्या घेते आणि आतले पाणी बाहेर फेकते. त्यामुळे मध्यभागी दाब कमी होतो आणि तलावाच्या पृष्ठभागावर असलेला हवेचा दाब पाण्याला नळीतून पंपाकडे ढकलतो. हा ढकलणारा दाब मर्यादित आहे. समुद्रसपाटीला तो पाण्याचा फार तर सुमारे १०.३ मीटर उंचीचा स्तंभ तोलू शकतो, त्याहून तसूभरही अधिक नाही.

म्हणून पंपाकडे येणाऱ्या मार्गात अडथळा आला, जाळी तुंबली, व्हॉल्व्ह अर्धवट मिटला किंवा नळी अरुंद असली, की पंप हतबल होतो. तो फेकायला तयार असतो, पण त्याच्यापर्यंत पुरेसे पाणी पोहोचत नाही. सांगली-कोल्हापूरकडील आपल्या शेतकरी बांधवांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. विहिरीवरची किंवा नदीकाठची मोटर हवा घेऊ लागली, की ते आवाजावरूनच ओळखतात आणि मोटरीकडे नव्हे, फूटव्हॉल्व्हकडे धावतात. शहरातील तलावाचा पंप याच जातीचा आहे. त्याच्या बहुसंख्य तक्रारींचे मूळ पंपात नसून त्याच्या अलीकडे, पाणी येण्याच्या बाजूला असते. या लेखातील एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल, तर ते हे ठेवावे.

आवाजांची ओळख

*पहिला आवाज : खडे खडखडल्यासारखा.* पंपाच्या पोटात कोणी मूठभर खडी टाकली आहे असे वाटते. बहुतेक वेळा आत खडी नसते. दाब फार कमी झाला की पाणी नेहमीच्या तापमानालाही उकळते आणि त्यात वाफेचे सूक्ष्म बुडबुडे होतात. ते इंपेलरच्या पात्यांवर, जिथे दाब पुन्हा वाढतो तिथे, एकदम मिटतात. प्रत्येक बुडबुडा मिटताना हातोडीचा बारीक घाव बसावा तसा आघात करतो. जहाजांचे पंखे अशाच प्रकारे खाचखळग्यांनी भरून जात, तेव्हा त्याचे गणित इंग्लंडच्या लॉर्ड रॅली यांनी १९१७ मध्ये मांडले. एवढ्याशा बुडबुड्याने धातू कुरतडला जातो, तर प्लास्टिकच्या इंपेलरची काय कथा! हा आवाज महिनोन्‌महिने चालू दिला, तर पाती झिजतात आणि मग खरोखरच नवा पंप घ्यावा लागतो.

*दुसरा आवाज : गुळगुळ, घोट घेतल्यासारखा.* पंपाच्या पारदर्शक झाकणाखाली बुडबुडे फिरताना दिसतात, तलावात परत येणाऱ्या पाण्याबरोबरही बुडबुडे येतात आणि फिल्टरवरील दाबाचा काटा थरथरतो. ही वाफ नव्हे, बाहेरून शिरणारी हवा आहे. तलावाची पातळी स्किमरच्या तोंडाच्या मध्याखाली गेली असेल, झाकणाची रबरी ओ-रिंग कोरडी पडून चिरली असेल किंवा नळीचा एखादा जोड सैल झाला असेल.

*तिसरा आवाज : किंचाळी किंवा सतत वाढत जाणारी शीळ.* हा मात्र मोटरीचा स्वतःचा आवाज. बेअरिंगमधील वंगण संपले किंवा त्यात पाणी गेले की तो येतो. पाणी जाण्याचे कारण बहुधा पंप व मोटर यांच्यामधील सील असते. त्या जागी थेंब किंवा पांढरट क्षारांचा ओघळ दिसला, तर निदान जवळजवळ झालेच. अशा वेळी केवळ बेअरिंग बदलून भागत नाही, सीलही बदलावे लागते, अन्यथा नव्या बेअरिंगची तीच गत होते. मोटरीच्या दोन्ही टोकांचे बेअरिंग एकाच वेळी बदलून घेणे शहाणपणाचे.

*चौथा आवाज : नुसते गुणगुणणे, फिरणे नाही.* बटण ताबडतोब बंद करावे. इंपेलरमध्ये काही अडकले असेल, सिंगल फेज मोटरीचा कंडेन्सर गेला असेल किंवा थ्री फेज मोटरीत एक फेज येत नसेल. अशी मोटर काही क्षणांत तापते आणि वाइंडिंग जळते. कंडेन्सरमध्ये वीज बंद केल्यावरही भार शिल्लक राहतो. त्याला हात लावण्याचे काम जाणत्या वायरमनचेच.

*पाचवा आवाज : थरथर आणि घुमणे.* पंप ठीक असतो, पण त्याचे फाउंडेशन बोल्ट ढिले झालेले असतात किंवा नळी भिंतीला टेकलेली असते. मग सारी भिंतच ढोलकीसारखी वाजते आणि तिसऱ्या मजल्यावरील माणसाला वाटते की पंप त्याच्या उशाशी आहे. बोल्ट आवळणे, पंपाखाली जाड रबरी पट्टी घालणे आणि नळी भिंतीपासून सुटी करणे, एवढाच यावर उपाय.

आणखी एक प्रसंग लक्षात ठेवावा. मोटर रिवाइंडिंग करून आणल्यावरच आवाज सुरू झाला आणि पाणीही कमी येऊ लागले, तर थ्री फेजच्या दोन तारा अदलाबदल होऊन पंप उलटा फिरत असण्याची शक्यता असते. मोटरीवरील बाणाशी फिरण्याची दिशा जुळते का, हे वायरमनकडून पाहून घ्यावे.

तपासणीचा क्रम

घरातील वैद्य जसा साध्या औषधापासून सुरुवात करतो, तसा क्रम येथेही स्वस्तापासून महागाकडे ठेवावा.

प्रथम प्रश्न विचारावा : आवाज कधीपासून? पाणी भरल्यापासून, जाळी साफ केल्यापासून, की दुरुस्तीनंतर? सफाई करणाऱ्या कामगाराला हा प्रश्न आदराने विचारावा. तो यंत्राजवळ रोज असतो आणि समितीतील कोणापेक्षाही त्याला अधिक माहिती असते. दोष आपल्यावर येईल या भीतीने तो गप्प राहतो, ही आपल्या वागण्याची उणीव समजावी.

मग तलावाची पातळी पाहावी. ती स्किमरच्या तोंडाच्या मध्यापर्यंत असली पाहिजे. त्यानंतर स्किमरची जाळी, मग पंपाच्या पुढील गाळणीची टोपली. टोपली उघडण्यापूर्वी वीज मुख्य स्विचपासून बंद करावी, पंप तलावाच्या पातळीखाली असल्यास दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह मिटावेत आणि फिल्टरवरील हवा सोडण्याची चावी उघडून दाब उतरवावा. दाब असताना झाकण उघडणे धोक्याचे आहे. झाकण परत बसवताना ओ-रिंग पुसून तिला सिलिकॉनचे वंगण लावावे. पेट्रोलियम जेली लावण्याची पद्धत सर्वत्र दिसते, पण तिने रबर फुगते आणि लवकर खराब होते. शेवटी मिटलेले सर्व व्हॉल्व्ह पुन्हा पूर्ण उघडले आहेत ना, हे पाहिल्याशिवाय बटण दाबू नये.

गुळगुळ थांबत नसेल, तर पंप चालू असताना पाणी येण्याच्या बाजूच्या प्रत्येक जोडावर साबणाचा दाट फेस लावावा. जिथे फेस आत ओढला जातो, तिथून हवा शिरते. या बाजूची गळती फसवी असते. पंप चालू असताना पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते, म्हणून जोड कोरडाच दिसतो.

खडखड पाण्याची की बेअरिंगची, हे ठरवण्याची एक सोपी कसोटी आहे. पंपातून बाहेर जाणाऱ्या बाजूचा व्हॉल्व्ह दाबाच्या काट्याकडे लक्ष ठेवून हळूहळू थोडासा मिटावा. तो पूर्ण कधीही मिटू नये. पाणी कमी वाहू लागताच आवाज निवळला, तर पंपाला पाणी पुरत नव्हते हे सिद्ध झाले. आवाजात काहीच फरक पडला नाही, तर संशय बेअरिंगवर घ्यावा. ही कसोटी एका मिनिटाची आहे आणि तिच्या आधाराने बैठकीतील एका तासाचा वाद टळतो.

बॅकवॉशविषयीही दोन शब्द. आवाज आला की फिल्टर उलटा धुऊन काढण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. तासाला १५ हजार लिटर फेकणारा पंप चार मिनिटांच्या बॅकवॉशमध्ये १ हजार लिटर पाणी गटारात घालवतो. फिल्टर स्वच्छ असतानाचा दाब भिंतीवर लिहून ठेवावा आणि काटा त्याहून ८ ते १० पीएसआय वर गेला, तरच बॅकवॉश करावा. पाणी तुपासारखे वापरावे असे सांगणाऱ्या समाजात एवढी शिस्त अवघड नसावी.

जिथे आवाज हा धोक्याचा इशारा असतो

आतापर्यंतचा विषय त्रासाचा आणि खर्चाचा होता. आता जे सांगायचे ते मुलांच्या जिवाचे आहे. पाणी तलावातून पंपाकडे दोन वाटांनी येते : वरच्या कडेच्या स्किमरमधून आणि तळाच्या जाळीतून. स्किमरची टोपली पानांनी तुंबली, की पंप खडखडू लागतो आणि त्याच वेळी सारा जोर तळाच्या जाळीवर येतो. ती जाळी तुटलेली किंवा निघालेली असेल, तर लहान मुलाचे केस, हात किंवा अंग तेथे खेचले जाऊन अडकू शकते, आणि तो जोर असा असतो की धडधाकट माणसालाही मूल सोडवता येत नाही. अमेरिकेत २००२ मध्ये सात वर्षांच्या एका मुलीचा असाच मृत्यू झाला. तिच्या नावाने २००७ मध्ये तेथे कायदा झाला आणि सार्वजनिक तलावांच्या तळाशी सुरक्षित झाकणे बंधनकारक झाली.

म्हणून नियम स्पष्ट असावा. तळाची जाळी हलत असेल, फुटली असेल किंवा जागेवर नसेल, तर ती बसेपर्यंत कोणीही पाण्यात उतरू नये. पंप अचानक ओरडू लागला, तर आधी मुलांना पाण्याबाहेर काढावे, मग कारण शोधावे. पंप तत्काळ बंद करण्याचे बटण तलावाच्या कडेवरून हाताशी असावे आणि ते कोठे आहे, हे प्रत्येक पालकाला ठाऊक असावे. मोटरीचे अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी वर्षातून एकदा जाणकाराकडून तपासून घ्यावे. पाणी आणि वीज जिथे शेजारी नांदतात, तिथे चालढकल हीच मोठी हिंसा ठरते.

मोठा पंप हे उत्तर नाही

आता पहिल्या सूचनेकडे वळू. पंप ओरडतो म्हणून त्याहून मोठा बसवला, तर काय होते? आतील व्यास ५० मिलिमीटर असलेल्या नळीतून तासाला १२ हजार लिटर पाणी जाते, तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सुमारे १.७ मीटर असतो. त्याच नळीतून २० हजार लिटर नेले, तर वेग २.८ मीटरच्या वर जातो आणि नळीतील घर्षण जवळजवळ पावणेतीन पट होते. पंपाला आधीच पाणी पुरत नव्हते, आता तर त्याची तहानच वाढली. नवा पंप जुन्यापेक्षा अधिक मोठ्याने ओरडतो आणि तळाच्या जाळीवरील जोरही वाढतो.

पंप खरोखरच बदलायचा असेल, तर वेग कमी-जास्त करता येणारा घेण्याचा विचार करावा. फेऱ्या निम्म्या केल्या, तर पाणी निम्मे होते, पण लागणारी शक्ती तत्त्वतः एक अष्टमांश होते. म्हणजे दुप्पट वेळ चालवून तेवढेच पाणी फिरवले, तरी वीज सुमारे चौथाई लागते. प्रत्यक्षात बचत याहून थोडी कमी होते, तरीही ती लक्षणीय असते, आणि आवाज तर कुजबुजीइतका उतरतो. फक्त बॅकवॉशच्या वेळी पूर्ण वेग द्यावा लागतो.

वेळेचाही विचार हवा. निवासी भागात आवाजाची कायदेशीर मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल आहे. रात्री पंप चालवण्याचे सहसा कारण नसते. पहाटेच्या सामायिकाची आणि सायंकाळच्या प्रतिक्रमणाची वेळ सोडून वेळापत्रक आखणे कोणत्याही समितीला शक्य आहे. त्यासाठी पैसा लागत नाही, शेजाऱ्याची आठवण लागते.

जाळीचे प्रतिलेखन

आपले साधू-साध्वी आपली वस्त्रे आणि उपकरणे नित्य डोळ्यांनी न्याहाळून, जीव असल्यास हळुवार बाजूला करून मगच वापरतात. या प्रतिलेखनाचा गृहस्थाने तलावापुरता धडा घ्यायचा तर तो असा : स्किमरची जाळी रोज सकाळी, पंप सुरू होण्यापूर्वी, पाहावी. रात्री उजेडाकडे झेपावलेले कीटक, एखादी मधमाशी, पावसाळ्याच्या तोंडावर लहान बेडूक तिथे अडकलेले असतात. कितीतरी जीव तोवर जिवंत असतात. पंप सुरू झाला, की ते वाचत नाहीत. त्यांना अलगद काढून बागेच्या ओल्या सावलीत सोडावे. सायंकाळनंतर तलावातील दिवे मालवावेत, शक्य असल्यास रात्री आच्छादन घालावे आणि कडेला एखादी खरखरीत फळी तिरपी ठेवावी, म्हणजे पडलेल्या बेडकाला चढून जाता येते.

या पाच मिनिटांच्या कामाने जीव वाचतात. याच पाच मिनिटांनी जाळी मोकळी राहते, पंपाला पाणी पुरते, खडखड होत नाही, पाती झिजत नाहीत, वीज वाया जात नाही, तळाच्या जाळीवर अनाठायी जोर येत नाही आणि वरच्या मजल्यावरचा आजारी माणूस झोपू शकतो. जीवदयेसाठी वेगळे काम आणि यंत्राच्या निगेसाठी वेगळे, अशी विभागणी येथे करावी लागत नाही.

तेव्हा समितीच्या पुढच्या बैठकीत नवा पंप मागवण्याचा ठराव येईल, त्या वेळी एकच विनंती करावी : ठराव एक आठवडा पुढे ढकला. त्या आठवड्यात जाळी रोज सकाळी पाहा, पाण्याची पातळी राखा, ओ-रिंग पुसा, बोल्ट आवळा आणि व्हॉल्व्हची एक मिनिटाची कसोटी घ्या. आवाज राहिलाच, तर जाणत्या कारागिराला बोलवा आणि काय काय पाहून झाले, ते त्याला नेमके सांगा. त्याचे काम सोपे होईल आणि समितीचा पैसा योग्य जागी खर्च होईल.

जय जिनेंद्र.